जॉर्ज लॉईड : चाळी, धरणे आणि समुद्राची भिंत



गारखेडा परिसरातून शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी मुंबईला गेलेल्या आपल्या मुलामुलींपैकी कोणी ना कोणी वरळीच्या किंवा नायगावच्या बीडीडी चाळीत एखाद्या नातेवाईकाकडे मुक्काम केलेला असतो. लांबलचक व्हरांडा, दोन्ही बाजूंना एकसारख्या खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक नळ आणि शौचालये, हे चित्र अनेकांच्या परिचयाचे आहे. मात्र बीडीडी ही तीन अक्षरे कोठून आली आणि या चाळी कोणाच्या कल्पनेतून उभ्या राहिल्या, हे विचारले तर उत्तर देणारा क्वचितच भेटतो. या चाळींमागे एका इंग्रज गृहस्थाचे नाव आहे. ते पोलादाच्या व्यापारात वाढले, सैनिक म्हणून लढले, ब्रिटिश संसदेत निवडून गेले आणि वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले. त्यांचे नाव जॉर्ज अँब्रोज लॉईड.

त्या काळी आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. कोपरगावात मुंबई सरकारचा हुकूम चालत असे, तर वैजापुरात निजामाचा. त्यामुळे लॉईड यांचे राज्य आपल्या पूर्वजांवर प्रत्यक्ष चालले नाही. तरीही ज्या महाराष्ट्रात आज आपण राहतो, त्याच्या घडणीत त्यांच्या पाच वर्षांच्या कारभाराचा वाटा आहे आणि त्या कारभारातील चुकांचाही. दोन्हींतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पोलादाचे घराणे

लॉईड यांचा जन्म १९ सप्टेंबर १८७९ रोजी इंग्लंडमधील वॉरिकशायर परगण्यात झाला. त्यांचे घराणे मूळचे वेल्समधील डोलोब्रान या गावचे. सतराव्या शतकात या घराण्यातील चार्ल्स लॉईड हे क्वेकर पंथात गेले. राजसत्तेने मान्य केलेल्या चर्चहून वेगळ्या मार्गाने देवाची उपासना केली म्हणून त्यांना अनेक वर्षे वेल्शपूल येथील तुरुंगात काढावी लागली. पुढच्या पिढीतील सॅम्पसन लॉईड १६९८ मध्ये बर्मिंगहॅमला आले व लोखंडाच्या व्यापारात उतरले. त्यांच्याच वंशातील दुसऱ्या सॅम्पसन यांनी १७६५ मध्ये एका भागीदारासह पेढी काढली. हीच पुढे लॉईड्स बँक म्हणून जगभर प्रसिद्ध झाली. विवेकासाठी तुरुंग सोसणारे पूर्वज आणि लोखंडावर व पैशावर पकड असणारे पूर्वज, असा दुहेरी वारसा जॉर्ज यांना लाभला. जॉर्ज यांच्या काळापर्यंत घराण्याने क्वेकर पंथ सोडला होता. ते स्वतः अँग्लिकन चर्चच्या परंपरेतील भाविक गृहस्थ होते.

ईटन येथील शालेय शिक्षणानंतर ते केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात गेले. शरीराने लहानखुरे असल्याने ऑक्सफर्डविरुद्धच्या प्रसिद्ध नौकाशर्यतीत त्यांना सुकाणूधाऱ्याची जागा मिळाली. १८९९ आणि १९०० अशा दोन्ही वर्षी केंब्रिजची नौका जिंकली व दोन्ही वेळा सुकाणू लॉईड यांच्या हाती होते. या शर्यतीत आठ जण पाठमोरे बसून वल्ही मारतात. पुढे काय आहे हे फक्त सुकाणूधाऱ्याला दिसते आणि इतरांनी त्याच्या आज्ञेवर विसंबून जोर लावायचा असतो. पुढील आयुष्यात लॉईड यांनी बहुतेक ठिकाणी हीच भूमिका वठवली. लांबचे पाहणे त्यांना जमत असे, आज्ञा देणेही जमत असे. मात्र वल्ही मारणाऱ्यांचे हात किती दुखतात, हे विचारण्याची सवय त्यांना लागली नाही.

१८९९ मध्येच आई-वडील दोघेही निवर्तले. पदवी न घेताच त्यांनी केंब्रिज सोडले आणि १९०१ मध्ये घराण्याच्या पोलादी नळ्यांच्या व्यवसायात प्रवेश केला. १९०३ मध्ये दोन कंपन्यांचे एकत्रीकरण होऊन स्टुअर्ट्स अँड लॉईड्स ही मोठी कंपनी स्थापन झाली. त्यांनी तेथेच राहायचे ठरवले असते तर सुखासमाधानाचे श्रीमंत आयुष्य वाट्याला आले असते. परंतु पूर्वेकडील देशांची ओढ त्यांना स्वस्थ बसू देईना. १९०५ मध्ये ते विनावेतन सहायक म्हणून कॉन्स्टँटिनोपल येथील ब्रिटिश वकिलातीत गेले. १९०७ मध्ये इराणच्या आखाताभोवतीच्या व्यापाराची पाहणी करण्यासाठी सरकारने त्यांना पाठवले. व्यापाऱ्याची नजर आणि राज्यकर्त्याची महत्त्वाकांक्षा येथे प्रथम एकत्र आल्या. जानेवारी १९१० मध्ये वेस्ट स्टॅफर्डशायर मतदारसंघातून ते संसदेवर निवडून आले. १९११ मध्ये ब्लँच लॅसेल्स यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

युद्धभूमीवर

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा लॉईड वॉरिकशायरच्या घोडदळात अधिकारी होते. १९१५ च्या गॅलिपोली मोहिमेत त्यांनी भाग घेतला. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या तुकड्या ज्या किनाऱ्यावर उतरल्या आणि ज्या टेकड्यांवर हजारो तरुणांनी प्राण सोडले, तो संहार त्यांनी जवळून पाहिला. पुढे रशियातील पेट्रोग्राड, इराकमधील बसरा आणि अरबस्तान अशा निरनिराळ्या कामगिऱ्यांवर ते गेले. कैरो येथील अरब विभागात त्यांची गाठ टी. ई. लॉरेन्स यांच्याशी पडली आणि तुर्कांविरुद्धच्या अरब उठावाच्या काळात काही दिवस त्यांनी लॉरेन्स यांच्यासोबत उंटावरून वाळवंटाचा प्रवासही केला. युद्धातील कामगिरीबद्दल त्यांना डी. एस. ओ. हे शौर्यपदक मिळाले.

युद्ध संपले आणि डिसेंबर १९१८ मध्ये लॉर्ड विलिंग्डन यांच्या जागी मुंबईचे गव्हर्नर म्हणून ते दाखल झाले. सिंधपासून कारवारपर्यंत पसरलेला एवढा मोठा इलाखा एका तरुण, कर्तबगार आणि काहीशा उतावीळ माणसाच्या हाती आला.

संकटांचे स्वागत

मुंबई त्या वेळी अत्यंत बिकट अवस्थेत होती. १९१८ चा पावसाळा दगा देऊन गेला होता. इन्फ्लुएंझाच्या साथीने इलाख्यात लाखो माणसे गिळली होती. धान्य महाग झाले होते. गिरण्यांचे मालक युद्धकाळात गब्बर झाले, पण कामगारांच्या मजुरीची त्या मानाने वाढ झाली नव्हती. लॉईड यांना येऊन महिनाही लोटला नाही तोच, जानेवारी १९१९ मध्ये, एक लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले.

आपल्या कॅथलिक समाजावरही त्या वर्षांची छाया पडली होती. मुंबई आणि अहमदनगर भागात प्रेषितकार्य करणारे येशूसंघाचे जर्मन धर्मगुरू महायुद्धात शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. ते नजरकैदेत गेले आणि नंतर त्यांना मायदेशी पाठवण्यात आले. खेड्यापाड्यांतील नवी ख्रिस्ती कुटुंबे एकाएकी पोरकी झाली. १९१९ च्या अखेरीस इंग्रज येशूसंघीय अल्बन गुडियर यांची मुंबईचे आर्चबिशप म्हणून नियुक्ती झाली, तेव्हा सरकारी बंगल्यात लॉईड होते.

एप्रिल १९१९ मध्ये रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. गांधीजींना दिल्लीच्या वाटेवर अडवून मुंबईस परत आणण्यात आले. अहमदाबाद पेटले, तेथे काही दिवस लष्करी अंमल आला आणि माणसे मारली गेली. मात्र मुंबई शहरात लॉईड यांनी लष्करी कायदा पुकारला नाही. त्याच दिवसांत पंजाबात जालियनवाला बागेचा भीषण प्रकार घडला हे ध्यानात घेतले, तर या संयमाचे मोल कळते. दुसरीकडे, बॉम्बे क्रॉनिकल पत्राचे इंग्रज संपादक बेंजामिन हॉर्निमन हे भारतीयांची बाजू मांडत होते. त्यांना त्याच एप्रिलमध्ये जहाजावर चढवून हद्दपार करण्यात आले. हात आवरणारा आणि तोंड बंद करणारा, असा हा एकच राज्यकर्ता होता.

चाळींची योजना

संपाच्या निमित्ताने लॉईड यांचे लक्ष कामगारांच्या घरांकडे गेले. मुंबईतील बहुसंख्य कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत. कित्येक खोल्यांत दोन-तीन कुटुंबे. उजेड नाही, वारा नाही, गटारे उघडी. अशा स्थितीत शांतता टिकणार नाही आणि आरोग्यही टिकणार नाही, हे त्यांनी ओळखले. १९२० मध्ये त्यांनी एक स्वतंत्र विकास खाते स्थापन केले. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या त्याच्या इंग्रजी नावातूनच बीडीडी ही आद्याक्षरे आली. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. त्यासाठी कर्ज उभारले गेले आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसवला गेला. ज्या कापसावर गिरण्या चालतात त्यानेच कामगाराच्या निवाऱ्याचा भार उचलावा, ही कल्पना त्या काळी धाडसी होती. सरकारने एवढ्या मोठ्या प्रमाणावर गरिबांची घरे बांधायला घ्यावीत, असे हिंदुस्थानात त्यापूर्वी घडले नव्हते.

प्रत्यक्षात वरळी येथे १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२ अशा एकूण २०७ इमारती उभ्या राहिल्या. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची, एकेका इमारतीत ऐंशी खोल्या आणि एक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. हिशोब केला तर खोल्या साडेसोळा हजारांच्या आसपास भरतात. संकल्प पन्नास हजारांचा होता.

खोल्या बांधून झाल्या, पण राहायला माणसे येईनात. वरळीची जागा तेव्हा गिरण्यांपासून दूर, आडवळणाची. जवळ बाजार नाही, जायला सोयीची गाडी नाही, वाटेवर दिवे नाहीत. सिमेंट काँक्रीटच्या जाड भिंती उन्हाळ्यात तापत आणि खिडक्यांची रचना अशी की खोलीत उजेड बेताचाच येई. भाडेही कामगाराला न पेलणारे. कित्येक इमारती वर्षानुवर्षे ओस पडल्या. पुढे सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सरकारला कैदी ठेवण्यास जागा अपुरी पडू लागली, तेव्हा वरळीच्या रिकाम्या चाळींचा तात्पुरता तुरुंग करण्यात आला. कामगारांसाठी बांधलेल्या घरांत प्रथम दाटीवाटीने राहिले ते स्वातंत्र्यसैनिक!

हे असे का झाले? लॉईड यांचा हेतू वाईट नव्हता. घर म्हणजे किती चौरस फूट, किती सिमेंट आणि किती रुपये, याचा हिशोब त्यांच्या अधिकाऱ्यांनी केला. परंतु घर कोठे हवे, चूल कोठे मांडायची, पाणी कोठून आणायचे, पहाटेच्या भोंग्याला गिरणीत पोहोचायचे कसे, हे ज्यांना राहायचे होते त्यांना कोणी विचारले नाही.

समुद्राला घातलेली भिंत

लॉईड यांची दुसरी मोठी योजना बॅकबेची. कुलाब्यापासून मलबार हिलच्या दिशेने वळणाऱ्या उपसागरात भिंत घालून ११४५ एकर जमीन मिळवायची आणि गर्दीने गुदमरलेल्या मुंबईला मोकळा श्वास द्यायचा. ही कल्पना जुनीच होती, पण तिला गती दिली ती लॉईड यांनी. याच उपसागराच्या उत्तर टोकाला, गिरगाव चौपाटीवर, १ ऑगस्ट १९२० रोजी निधन पावलेल्या लोकमान्य टिळकांच्या पार्थिवावर अथांग जनसमुदायाच्या साक्षीने अंत्यसंस्कार झाले.

परदेशातून प्रचंड गाळउपसा यंत्रे मागवण्यात आली. बंदराच्या तळाचा चिखल उपसून भिंतीआड टाकायचा, असा बेत होता. परंतु तळाची माती अपेक्षेपेक्षा कठीण निघाली आणि भिंतीच्या फटींतून टाकलेला गाळ पुन्हा समुद्रात वाहून जाऊ लागला. खर्चाचे अंदाज वर्षागणिक फुगत गेले. बुरूज बांधायला निघालेल्या मनुष्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, हा दाखला आपण देऊळमाता चर्चमध्ये अनेकदा ऐकला आहे. मुंबईच्या लोकांनी त्या योजनेला लॉईड यांचा मूर्खपणा असे नाव ठेवून तो दाखला आपल्या परीने सांगितला.

या गैरकारभाराविरुद्ध आवाज उठवला तो खुर्शेद नरिमन या तरुण पारशी वकिलाने. कायदेमंडळात आणि वर्तमानपत्रांत त्यांनी आकडेवारीसह विकास खात्यावर हल्ला चढवला. एका इंग्रज अभियंत्याने त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला भरला, पण नरिमन निर्दोष सुटले. १९२६ मध्ये चौकशी समिती नेमण्यात आली आणि योजना आखडती घेण्यात आली. ११४५ एकरांपैकी सुमारे ४४० एकरच भरून निघाले. त्यातील काही भागावर पुढे मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलच्या पश्चिमेकडील देखण्या इमारती उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये युनेस्कोने त्या परिसराचा जागतिक वारशात समावेश केला. स्वातंत्र्यानंतर त्याच किनाऱ्यावर आणखी भराव घालून जो भाग वसवला गेला, त्याला नाव मिळाले नरिमन पॉइंट. समुद्र हटवू पाहणाऱ्या गव्हर्नराचे नाव तेथे उरले नाही. प्रश्न विचारणाऱ्या माणसाचे उरले.

धरणे आणि शेतकरी

लॉईड यांच्या कारभाराची उजळ बाजू पाण्याची. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. सिंधू नदीवर सक्कर येथे ६६ दरवाज्यांचा बंधारा आणि सात कालवे बांधण्याची योजना अनेक वर्षे कागदावर पडून होती. लॉईड यांनी तिच्यासाठी लंडनपर्यंत पाठपुरावा केला, मंजुरी मिळवली आणि ऑक्टोबर १९२३ मध्ये तिची कोनशिला बसवली. १९३२ मध्ये हा बंधारा सुरू झाला आणि लक्षावधी एकर ओसाड जमीन हिरवी झाली. लॉईड बॅरेज हे त्याचे मूळ नाव. आज तो पाकिस्तानात असून सिंधमधील शेतीचा मोठा आधार आहे.

इकडे पुणे जिल्ह्यात भोरजवळ भाटघर येथे वेळवंडी नदीवर जे मोठे धरण बांधले गेले, त्यालाही लॉईड धरण असेच नाव होते. त्याच्या पाण्याने नीरेच्या कालव्यांना बळ दिले आणि सोलापूर जिल्ह्यातील माळशिरसच्या दुष्काळी माळांवर ऊस उभा राहिला. आता त्या जलाशयाला शिवरायांचे मावळे येसाजी कंक यांचे नाव आहे. नगर जिल्ह्यात प्रवरेवरील भंडारदरा धरणाचे कामही याच काळात चालू होते. ते १९२६ मध्ये पूर्ण झाले व लॉईड यांच्यानंतरचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचे नाव त्याला मिळाले. प्रवराकाठच्या आपल्या अनेक ख्रिस्ती शेतकरी कुटुंबांची उपजीविका पुढे त्याच पाण्यावर चालली.

परंतु पाण्याची दुसरी कहाणीही आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज देण्यासाठी टाटा कंपनीने मुळशी येथे धरण बांधायला घेतले. त्यात मावळातील सुमारे पन्नास गावांची भातखाचरे बुडणार होती. शेतकऱ्यांनी विरोध केला. १९२१ च्या रामनवमीला सत्याग्रहाला प्रारंभ झाला. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांनी त्याचे नेतृत्व केले. मावळे स्त्री-पुरुष खोदकामाच्या जागी आडवे झाले, तुरुंगात गेले. लॉईड यांच्या सरकारने मात्र कंपनीच्या बाजूने भूसंपादनाचा कायदा राबवला. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. धरणग्रस्तांचा हा जगातील अगदी आरंभीच्या लढ्यांपैकी एक मानला जातो. धरणाखाली जमीन गेलेल्या कुटुंबांची दुःखे आपल्या मराठवाड्यालाही परकी नाहीत. जायकवाडीसाठी उठलेली पैठण, गंगापूर, शेवगावकडील गावे आठवली की मुळशीच्या शेतकऱ्याचे दुःख कळण्यास वेळ लागत नाही.

गांधीजींची अटक

१७ नोव्हेंबर १९२१ रोजी इंग्लंडचे युवराज मुंबईत उतरले. काँग्रेसने बहिष्कार पुकारला होता. स्वागताला गेलेले पारशी, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन जमावाच्या रोषाला बळी पडले. मग प्रतिहल्लेही झाले. काही दिवसांत पन्नासाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गांधीजींनी व्यथित होऊन उपवास केला आणि अल्पसंख्याकांवरील अत्याचारांचा स्पष्ट शब्दांत धिक्कार केला. लॉईड यांनी या प्रसंगातून वेगळा निष्कर्ष काढला. गांधीजींना मोकळे ठेवणे धोक्याचे आहे, असे ते व्हाइसरॉयना वारंवार कळवत राहिले.

१० मार्च १९२२ रोजी गांधीजींना साबरमती येथे अटक झाली. १८ मार्चला अहमदाबाद येथे खटला चालून त्यांना सहा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली आणि पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवण्यात आले. देवाच्या आवाजाला राजाच्या आज्ञेहून वरचे स्थान दिले म्हणून ज्यांचा पूर्वज वेल्सच्या तुरुंगात खितपत पडला, त्या लॉईड यांच्या राज्यात त्याच कारणासाठी एक मनुष्य तुरुंगात गेला. इतिहासाचा हा योगायोग विचार करायला लावणारा आहे. पुढे एका अमेरिकी पत्रकाराशी बोलताना लॉईड यांनी मान्य केले की गांधीजींचा तो प्रयोग यशाच्या अगदी उंबरठ्यावर येऊन ठेपला होता आणि सरकार त्याने पुरते हादरले होते.

याच काळात आणखी एक गोष्ट घडली. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनुसार १९२१ पासून मुंबईत नवे कायदेमंडळ काम करू लागले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी तेथे ठराव मांडला की सार्वजनिक पाणवठे, विहिरी, शाळा व दवाखाने अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले असावेत. ठराव संमत झाला आणि सप्टेंबरमध्ये सरकारने तसे आदेश काढले. त्याच ठरावाच्या आधारावर १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. लॉईड यांच्या काळातील हे बहुधा सर्वांत लहान कागदी काम. त्यावर ना कोनशिला बसली ना त्यांचे नाव लागले. तरी असंख्य माणसांच्या जीवनात त्याने जी उलथापालथ केली, ती कोणत्याही धरणापेक्षा कमी नाही.

अखेरची वर्षे

डिसेंबर १९२३ मध्ये लॉईड यांनी मुंबई सोडली. १९२४ मध्ये ते पुन्हा संसदेत निवडून आले. १९२५ मध्ये त्यांना डोलोब्रानचे बॅरन ही पदवी मिळाली आणि ते इजिप्तमध्ये ब्रिटिश उच्चायुक्त म्हणून गेले. तेथेही त्यांनी कठोरपणे राज्य केले. १९२९ मध्ये इंग्लंडात मजूर पक्षाचे सरकार आल्यावर त्यांना राजीनामा द्यावा लागला. त्यानंतरच्या वर्षांत हिंदुस्थानला स्वराज्याचे अधिक हक्क देण्यास त्यांनी चर्चिल यांच्या बरोबरीने कडाडून विरोध केला. पाच वर्षे या देशात काढूनही येथील लोक आपला कारभार स्वतः पाहू शकतात, ही गोष्ट त्यांना अखेरपर्यंत पटली नाही. ही त्यांची सर्वांत मोठी मर्यादा.

मात्र एका बाबतीत त्यांची दूरदृष्टी खरी ठरली. हिटलरचा धोका त्यांनी फार लवकर ओळखला आणि १९३८ च्या म्युनिक कराराला विरोध केला. पन्नाशी उलटल्यावर ते विमान चालवायला शिकले. १९३७ पासून ते ब्रिटिश कौन्सिलचे अध्यक्ष होते. मुंबई-पुण्यातील ज्या ब्रिटिश कौन्सिल ग्रंथालयांत आपल्या कित्येक विद्यार्थ्यांनी अभ्यास केला, त्यांच्या मातृसंस्थेला आकार देण्यात लॉईड यांचा मोठा हात होता. मे १९४० मध्ये चर्चिल यांनी त्यांना वसाहतमंत्री केले. जूनमध्ये फ्रान्स कोसळत असताना ते बोर्दो येथे जाऊन फ्रेंच नेत्यांना लढा चालू ठेवण्याची विनवणी करून आले. दिवसरात्र कामाचा डोंगर उपसत असतानाच रक्ताच्या कर्करोगाने त्यांना गाठले आणि ४ फेब्रुवारी १९४१ रोजी, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आपल्यासाठी

वाचकहो, लॉईड यांच्याकडे आळस नव्हता, लाचलुचपत नव्हती, काम टाळण्याची वृत्ती नव्हती. सार्वजनिक जीवनात आपण ज्यांची उणीव जाणतो असे पुष्कळ गुण त्यांच्यात होते. उणीव होती ती ऐकण्याची. कामगाराला न विचारता त्याचे घर बांधले, ते ओस पडले. हिशोब विचारणाऱ्याला दूर लोटले, समुद्राने हिशोब मागितला. मावळातील शेतकऱ्याचे ऐकले नाही, त्याचे अश्रू आजही इतिहासात वाहत आहेत. जेथे लोकांच्या प्रतिनिधींनी काही मागितले आणि सरकारने ते मान्य केले, तेथे मात्र पाणवठा खुला झाला.

आणि त्या चाळी? ज्या खोल्यांना लोकांनी तुरुंगाची उपमा दिली, त्यांत पुढे कोकणातून, साताऱ्याहून, देशावरून आलेली माणसे राहू लागली. १६० चौरस फुटांत त्यांनी संसार थाटले, मुलांना शिकवले, व्हरांड्यात सण साजरे केले, एकमेकांची आजारपणे काढली. जे अधिकाऱ्यांनी विचारात घेतले नव्हते ते शेजारधर्माने पुरवले. सिमेंटच्या खोलीचे घर माणसांनी केले. २०१७ मध्ये या चाळींच्या पुनर्विकासाला प्रारंभ झाला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. उंच इमारतींत लिफ्ट आली, स्वतंत्र नळ आला. आता व्हरांडा गेल्यावर शेजार कसा टिकवायचा, हा प्रश्न तेथील रहिवाशांपुढे आहे.

आपल्या धर्मग्रामांतही सभागृहे बांधली जातात, शाळांच्या इमारती उठतात, गरिबांसाठी योजना आखल्या जातात. आम्ही धर्मगुरू आणि आपण प्रापंचिक, दोघांनाही घाई असते. कोनशिलेवर नाव यावे असेही मनाच्या कोपऱ्यात कोठेतरी असते. असे काम हाती घेताना एकदा त्या घरच्या माऊलीला विचारावे की चूल कोठे हवी. विटा त्यानंतर मागवाव्यात.

– संपादक
गारखेडा, छत्रपती संभाजीनगर